खंडेनवमीची कणी

अण्णा,

श्रीनृसिंहाची कृपा असावी, आणि तिने माझा हात धरून हे लिहून घ्यावे. कारण जे सांगायचे आहे ते माझ्या एकटीच्या बळाने आजवर लिहून झालेले नाही. ज्याने दिवस आणि रात्र यांच्या मधली वेळ निवडली, घर आणि अंगण यांच्या मधला उंबरा निवडला आणि स्वतःच्या नखांनाच शस्त्र केले, तो उग्र देव आपल्या देव्हाऱ्यात होता. तुम्ही म्हणत असा, उग्र दैवताच्या घरात माणसांनी शांत राहावे. तुम्ही स्वतः कधी शांत राहिला नाहीत. म्हणून आधी कृपा मागते आणि मग विषयाला येते. विषय आपल्या फटफटीचा आहे. तिच्या प्लगचा, तिच्या कारबोरेटरचा, आणि ती ज्या चढावर बंद पडली त्या संध्याकाळचा.

तुम्ही वैद्य होता. बिदरच्या उत्तरेकडच्या त्या गावांत तुमच्या नाडीपरीक्षेवर लोकांचा विश्वास होता आणि तुमच्या जिभेची धास्ती. आजोबा, तुमचे अप्पा, घोडीवरून रोगी पाहायला जात, आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की कुंकू लावलेल्या अक्षता चिमूटभर घोडीच्या तोंडातही घालत. ती घोडी गेली. मग दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली, हिरवट रंगाची, एका सिलिंडरची मोटारसायकल तुम्ही सिकंदराबादेहून आणलीत. गावाने तिला फटफटी म्हटले, आत्याने अवदसा म्हटले, आणि तुम्ही शेवटपर्यंत घोडीच म्हणालात. मी तेव्हा विशीत होते, लग्नाला वर्ष होण्याआधीच पांढऱ्या कपाळाने परत आलेली. देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याला मला हात लावता येत नव्हता, मंगलकार्यात पुढे येता येत नव्हते. पण फटफटीच्या पोटात हात घालायला कोणत्याही ग्रंथाने मनाई केलेली नव्हती. ही मोकळी जागा तुम्ही बरोबर हेरलीत. सकाळी उपनिषद, दुपारी कारबोरेटर. आत्या ओसरीवर वाती वळता वळता विचारायची, "कुठल्या पोथीत सांगितलंय रे, विधवा पोरीनं फटफटीची आतडी धुवावीत म्हणून?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "धुवू न्हाईत असं कुठं लिहिलंय ते दाखव, लगेच थांबवतो." त्यावर आत्या म्हणाली, "दाखवलं असतं. तुझ्यासंगं मलाबी अक्षर शिकवलं असतं आपल्या बापानं, तर."

रोग्याची जीभ पाहावी तसा प्लग पाहायला तुम्ही मला शिकवलेत. तो गरम असतानाच काढायचा, बोटे भाजली तरी. टोक काळे आणि कोरडे असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. काळे आणि ओले असेल तर ठिणगीत दोष आहे. पांढरे पडले असेल तर यंत्र उपाशी आहे, पेट्रोल पोचत नाही. आणि भाजलेल्या विटेचा रंग असेल तर काही करू नका, हात धुऊन जेवायला बसा. आधी ठिणगी पाहायची, मग पेट्रोल पाहायचे, आणि कोणाला दोष द्यायचा तो त्यानंतर द्यायचा. हा क्रम तुम्हीच घालून दिलात. एकदा मी प्लग जास्त आवळला आणि त्याची पांढरी चिनीमाती तडकली. तुम्ही हातातल्या पान्यानेच माझ्या बोटांवर मारलेत. नख काळे पडले. रात्री त्यावर लेपही तुम्हीच लावलात. राग आला की तुमचा हात तुमच्या विद्येच्या पुढे धावत असे, आणि मग विद्या मागून धापा टाकत येई.

त्या वर्षीचा उन्हाळा मी विसरू म्हणते तरी विसरत नाही. हैदराबादची राजवट बुडत होती आणि बुडताना हातपाय झाडत होती. तिचे खाकी कपड्यांतले हत्यारबंद लोक गावात शिरले. गंजी पेटल्या. पाटलांच्या थोरल्या मुलाला वेशीतल्या लिंबाला बांधून गोळी घातली. आपले धान्याचे पेव उपसले, तांदळाची मडकी दगडाने फोडली, जे नेता आले नाही ते धुळीत कालवले. आणि तुम्हाला शेंडीला धरून अंगणात ओढले. मी दाराच्या फटीतून पाहते आहे. तुमचे डोके दगडी पायरीवर आपटते आहे. आणि तेवढ्यात कुंपणाच्या गडग्यावरून उडी टाकून उर्दू शाळेचे मास्तर आत येतात. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून तुमच्याशी पुनर्जन्मावर भांडणारे, तुमच्याकडून श्लोकाचा अर्थ घेऊन बदल्यात फारसीचा शेर देणारे. आत्या ज्यांच्यासाठी चहाची वेगळी कपबशी ठेवायची आणि जे तिला हसत हसत 'मेरा शाही प्याला' म्हणायचे, ते मास्तर. बंदूक आणि तुम्ही यांच्या मधे ते उभे राहिले. "पहले मेरेकू मारो," ते म्हणाले. "ये हकीम है. कल तुम्हारे अम्मा का बुखार येच उतारेंगे." बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. समोरचे दात अंगणात पडले. पण ते लोक तुम्हाला सोडून गेले. तुम्ही त्यांच्या हिरड्यांत कापूस भरत असताना ते रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाले, "वैद्यजी, तुम्हारे सुपारी का खर्चा बचा."

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि राजवट गेली. लोकांनी गुलाल उधळला. हातांचा गुलाल अजून धुतला नव्हता, आणि त्याच हातांनी गावातली मुसलमानांची घरे पेटू लागली. ज्यांनी बंदुका घेतल्या होत्या ते केव्हाच पळाले होते; उरले होते विणकर, पिंजारी, बायका, म्हातारे. ज्या विहिरीचे पाणी आपण पीत होतो तिच्यात एका सकाळी तुम्ही पोहरा सोडलात, आत पाहिलेत, आणि दोर कापून रिकाम्या हाताने घरी आलात. काय पाहिले ते सांगितले नाहीत. त्या दिवसापासून आपण नदीचे पाणी प्यालो. मास्तरांना तुम्ही औषधाच्या खोलीत बरण्यांच्या मागे दडवले होते. पाटलांचा धाकटा, ज्याच्या भावाला लिंबाला बांधले होते तो, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन दारोदार विचारत फिरत होता. आत्या मास्तरांना जेवण न्यायची. कपबशी अजून वेगळीच होती, पण आता ती स्वतःच्या पदराने पुसून द्यायची.

आणि खंडेनवमी आली. अंगणात पाटावर खल, बत्ता, शस्त्रक्रियेचे चाकू, फटफटीचे पाने मांडले होते. फटफटीला झेंडूची माळ होती. अक्षता अखंड तांदळाच्या असाव्यात हे शास्त्र. पण लुटीनंतर घरात उरली होती ती नुसती तुटकी कणी. तुम्ही तिलाच कुंकू लावलेत. देवाला म्हणालात, "तुम्ही ठेवलंत त्यातलंच देतोय." पुढची पूजा मी पाहिली नाही, माझी सावली पडू नये म्हणून आत्याने मला मागच्या दाराशी बसवले होते. तिथूनच मास्तर बाहेर पडले. शाळेतली पुस्तके मैदानात आणून जाळत आहेत असे त्यांनी खिडकीतून ऐकले होते. मी आडवी आले. "मास्तर, जाऊ नका. तुमच्या पाया पडते." ते म्हणाले, "बच्चों की किताबां हैं बेटी. अब्बी आतौं." दिवस कलता कलता ते परत आले तेव्हा हाताने बरगडीखालचा भाग दाबून धरला होता आणि गुडघ्यांवर रांगत होते.

तुम्ही जखम उघडून पाहिलीत. तुमचा चेहरा मी ओळखत होते. "ही शिवण माझ्या हातची न्हाई," तुम्ही म्हणालात. "बिदरचा सर्जन पाहिजे. आत्ता." आत्या आडवी आली, "अरे, आज पुजलेलं हत्यार हलवायचं नसतंय!" तुम्ही माळ तोडून फेकलीत. "त्यांनी त्यांचं हलवलंच की," म्हणालात. एवढेच.

तुम्ही पुढे, मधे मास्तर, मागे मी त्यांना धरून. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत घोडी नीट चालली. ओढ्यातून वर चढताना एकदम फटकन आवाज झाला, कारबोरेटरच्या तोंडातून ज्वाळेची जीभ बाहेर आली आणि ती बंद पडली. तुम्ही प्लग पुसलात, किक मारलीत, ती लगेच सुरू झाली. हळू चालवली की चालत होती. वेग दिला, चढ लागला, की पुन्हा तोच फटका आणि पुन्हा गप्प. लाल मातीच्या त्या मोठ्या चढाच्या मध्यावर तिने पूर्ण मान टाकली. मागे गावाच्या बाजूने आरोळ्या येत होत्या. "प्लग काल कोणी साफ केला?" तुम्ही विचारलेत. मी म्हणाले, मी. तुम्ही पूर्ण हाताने माझ्या तोंडात मारलीत. मी खडीवर पडले. कानात शिट्टी वाजत होती आणि तिच्या पलीकडून मास्तरांचा आवाज आला, बांधाला टेकून बसलेल्या माणसाचा, ज्याच्या बोटांतून रक्त गळत होते: "वैद्यजी, उसकू नक्को मारो. गाडी मेरे मरने का इंतज़ार कररी. उसकू जल्दी नै है."

मी उठले. तुम्ही घालून दिलेला क्रम त्या क्षणी तुमच्याजवळ नव्हता, माझ्याजवळ होता. प्लग काढला. बोटे भाजली. तो सिलिंडरला टेकवून तुम्हाला म्हणाले, किक मारा. ठिणगी निळी आणि जाड. "ठिणगीत दोष न्हाई, अण्णा. जीभ बघा. पांढरी आहे. उपाशी आहे ही." कारबोरेटरची घुंडी दाबली तर पेट्रोल बाहेर पाझरले. म्हणजे कारबोरेटरच्या वाटीपर्यंत पोचत होते आणि पुढे जात नव्हते. उभी राहिली की मोकळी होते, ओढू लागली की घसा बंद होतो. म्हणजे काहीतरी सुटे आत आहे, जे ओढीबरोबर येऊन चिकटते आणि ओढ थांबली की गळून पडते. मी खालचा पेच उघडून पितळी जेट, पेट्रोल जिथून जाते तो सुईएवढ्या भोकाचा घसाच, काढले आणि पेट्रोलची वाटी उलटी केली. तळहातावर तांदळाची लाल कणी पडली. एक, मग आणखी दोन.

तुम्ही माझ्या हाताकडे पाहत राहिलात. "मीच घातली," तुम्ही म्हणालात. "पूजेनंतर. टाकीत. अप्पा घोडीच्या तोंडात घालायचे तसं." अखंड तांदूळ असता तर टाकीच्या तळाच्या फाटक्या जाळीनेही तो अडवला असता. कणी अडली नाही. मी जेट तोंडाला लावून फुंकले. पेट्रोलची आग जिभेवर, आणि तिच्यामागे कुंकवाची माती. टाकीत अजून किती कणी होती कोण जाणे. म्हणून तुमच्या उपरण्याचा तुकडा फाडून नळीच्या तोंडात बसवला. पेट्रोल हळू येईल, पण स्वच्छ येईल. आणि मान वर केली तो ते चौघे-पाचजण चढावर आलेच होते.

पाटलांच्या धाकट्याच्या कुऱ्हाडीला सकाळच्या पूजेचा झेंडू अजून दोऱ्याने बांधलेला होता. पात्यावर कुंकू होते. त्यातले कुंकू किती आणि दुसरे काय, हे आता सांगता येत नव्हते. "वैद्यबुवा, बाजूला व्हा," तो म्हणाला. "तुमच्याशी आमचं काय न्हाई."

"आजारी माणूस आहे. दवाखान्यात नेतोय."

"झाडाला बांधल्यावर माझा भाऊबी आजारीच होता की. त्याला कुणी नेलं दवाखान्यात?"

"त्याच्या छातीतली गोळी मी काढलीय. तू लिंबाखाली लोळत होतास. विसरलास व्हय?"

"मग ह्याला कामून वाचवायलाव?"

"ह्यानं घातली होती का गोळी?"

"कुणीबी घातली असंल. ते समदे एकच." आणि त्याने कुऱ्हाड उचलली. मास्तरांच्या दिशेने. तुमच्या हातात मोठा पाना होता, त्याच सकाळी पाटावर पुजलेला. तो मी वर जाताना पाहिला नाही. फक्त आवाज ऐकला, ओली काडी मोडावी तसा. ज्या हाडांची नावे तुम्ही मला संस्कृतातून पाठ करवली होती, त्यांतली दोन मनगटाजवळ एकाच फटक्यात मोडली. कुऱ्हाड पडली. तो ओरडला. दुसऱ्याने फेकलेला दगड तुमच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरत असताना तुम्ही कुऱ्हाडीवर पाय ठेवून उभे राहिलात आणि तुमचा तो आवाज काढलात, ज्याला गावातली जनावरेसुद्धा भीत: "पुढं येणाऱ्याचं हाड कोण जोडंल, हे ठरवून पुढं या. ह्या पंचक्रोशीत मी एकटाच आहे."

ते थांबले. दयेने थांबले नाहीत. तेवढे खरे होते म्हणून थांबले.

तुम्ही मागे न पाहता मला म्हणालात, "घोडी तू ने." मी ती रिकाम्या रानात चालवली होती, रस्त्यावर कधीच नाही. तुम्ही धोतराच्या सोग्याने मास्तरांना माझ्या पाठीशी आवळून बांधलेत. विधवा मुलीच्या पाठीशी परपुरुष, तोही मुसलमान, तोही रक्तात भिजलेला. आणि बांधणारे तुम्ही, ज्यांनी सोवळ्याखेरीज कधी पाण्याला हात लावला नाही. किक मारली. घोडीने पहिल्याच किकला आवाज दिला. चढ चढून गेल्यावर एकदा मागे पाहिले. सूर्य टेकला होता, दिवसही नव्हता आणि रात्रही. आणि तुम्ही रस्त्यातच मांडी घालून बसला होतात, पाटलांच्या धाकट्याचा हात मांडीवर घेऊन, आणि बाकीच्यांना बांबूच्या कामट्या आणायला सांगत होतात.

बिदरपर्यंत घोडी एकदाही अडली नाही. मास्तर आधी बोलत होते. मग नुसते कलमा म्हणत होते. मी नृसिंहाचे नाव घेत होते. आणि दोन्ही आवाज त्या एका सिलिंडरच्या ठोक्यांत मिसळत होते. किल्ल्याची भिंत दिसली तेव्हा ते जिवंत होते. दवाखान्यात टेबलावर घेतले तेव्हाही होते. सर्जनने शक्य ते सर्व केले. पहाटे त्यांना शुद्ध आली. मी जवळ गेले. त्यांना माझे तोंड दिसले, तुमच्या हाताच्या वळासकट, आणि त्या बिनदातांच्या तोंडाने ते हसले. "वैद्यजी को बोलना," ते म्हणाले, "घोड़ीकू दाना नक्को खिलाओ. वो घोड़ी नै है." उजाडायच्या आत ते गेले.

मी परत आले तेव्हा तुम्ही ओसरीवर होता, कपाळाला पट्टी, आणि शेजारी कामट्यांत बांधलेला हात घेऊन पाटलांचा धाकटा कण्हत पडलेला. तुम्ही फक्त डोळ्यांनी विचारलेत. मी निरोप सांगितला. तुम्ही हसलात, अण्णा, मोठ्याने हसलात, आणि हसता हसता तुमचे तोंड वाकडे होत गेले आणि तुम्ही खांबाला धरून बसलात. आत्याने फडताळातून ती वेगळी कपबशी काढली आणि देवघरातल्या पितळी भांड्यांत नेऊन ठेवली. मग तुम्ही मला म्हणालात, "तेल तापव." मी म्हणाले, कुणासाठी? त्याच्यासाठी मी तापवणार नाही. तुम्ही उठलात. मला वाटले पुन्हा माराल. तुम्ही मारले नाहीत. "मास्तरवर कुऱ्हाड कुणी चालवली ते मला ठाऊक न्हाई असं वाटायलंय का तुला? हाड मी मोडलंय. जोडणार मीच. ते चांगलं जोडलं न्हाई तर मी वैद्यबी न्हाई आणि मास्तरचा दोस्तबी न्हाई. तेल तापव." मी तापवले. पुढे बरेच दिवस तापवले. त्याचा हात इतका सरळ जुळला की त्याने त्या हाताने नांगर धरला, सुना-नातवंडांना आशीर्वाद दिले, आणि तो म्हातारा होऊन अंथरुणात मेला. त्या दिवसांत कोणी कोणाला जाब विचारत नव्हते.

त्या थपडेविषयी तुम्ही कधी बोलला नाहीत. पण त्यानंतर घोडी बिघडली की पाना आधी माझ्या हातात द्यायचात आणि मी काय म्हणते याची वाट पाहत उभे राहायचात. खंडेनवमीला टाकीच्या तोंडावर ओले फडके बांधायचात आणि अक्षता चाकापुढे जमिनीवर ठेवायचात. हैदराबादेहून नवे जेट आणलेत तेव्हा जुने माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "हे तुझं."

आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, अण्णा. ते जेट माझ्या देव्हाऱ्यात नृसिंहाच्या पायाशी आहे. भाचे-नातू विचारतात, हे कोणत्या देवाचे? मी म्हणते, घशाच्या देवाचे. दर खंडेनवमीला, बायकांना हा अधिकार नाही हे ठाऊक असून, मी ओंजळीने तर्पणाचे पाणी सोडते. एक ओंजळ तुम्हाला. एक मास्तरांना. तिसरीही भरते, तुम्ही जोडलेल्या त्या हाताच्या नावाने, कारण तुम्ही असता तर ती तुम्ही सोडली असती. वैऱ्यालाही पाणी द्यावे, शास्त्र तेच सांगते आणि ते मी प्रवचनांतून शेकडो लोकांना समजावून सांगितले आहे. पण ती ओंजळ अजून माझ्या हातून सुटत नाही. बोटांच्या फटींतून आपोआप गळून जाते, तेवढीच. एवढे सांगायचे होते. हे तुम्हाला पाठवण्याची सोय नाही, आणि सोय असती तरी मी पाठवले नसते. तुम्ही वाचून म्हणाला असता, तेल तापव.

जो कोणी हे वाचील त्याच्या घरचा तांदूळ अखंड राहो. त्याच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहो. त्याच्या हत्यारांना कुंकवाखेरीज दुसरा लाल रंग न लागो. आणि ज्याची ओंजळ अडली असेल, त्याच्या हाताला, आणि माझ्याही हाताला, ती मोकळी करण्याचे बळ मिळो.